एक तास मागे

बाजारचौकातल्या मनोऱ्याला शिडी लावून
पहिल्याच आठवड्यात त्यांनी काटा पुढे सरकवला.
एक तास. बर्लिनमध्ये जितके वाजतील
तितकेच आता तूर्क्वाँमध्ये वाजायचे.
भिंतीवर हुकूम डकवला,
हुकूम त्यांच्या भाषेत, दंड तेवढा आमच्या.

आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ हलवलं नाही.
म्हणाली, ओक्ताव निघाला तेव्हा हे जे सांगत होतं
तेच सांगत राहील.
बाबा खंदकांच्या पलीकडे होते, कुठेतरी.
पश्चिमेचा वारा असला की तिकडच्या तोफा ऐकू येत.
पत्र मात्र दोन वर्षांत एकही नाही.

मग एकेक वस्तू जाऊ लागली.
आधी सायकली. मग दारांच्या पितळी मुठी;
तेव्हापासून आम्ही दार सुतळीने ओढू लागलो.
मग कबुतरं. शेजारच्या वांडेवाल आजोबांनी
चौतीस कबुतरं मोजून पोत्यांत भरून नेली,
पावती घेतली,
आणि रिकाम्या खुराड्यात ती पावती टाचून ठेवली.

प्रत्येक दारावर यादी लावायची:
घरात कोण, नाव काय, वय किती.
माझ्या नावापुढे अकरा. झेलीच्या पुढे एकोणीस.
आईचं अक्षर फार सुंदर होतं.

पुढच्या खोलीत श्टेल्झर राहायचा.
राखीव पलटणीतला म्हातारा, गावी जोडे शिवायचा.
रात्रभर खोकायचा.
झोपण्याआधी न विचारता
आमच्या घड्याळाला किल्ली द्यायचा,
आणि ते एक तास मागे आहे हे
त्याला कधी दिसलंच नाही.

ईस्टरच्या आठवड्यात, अंधार असतानाच
बंदुकीच्या दस्त्याने दार वाजलं.
अधिकारी कोवळा होता, ओठावर मिशीही धड नव्हती.
यादीवर बोट ठेवून म्हणाला, ही.
शेतांवर कामाला. आता चार वाजलेत,
साडेचारला रस्त्यावर.
आई म्हणाली, तीन.
तो म्हणाला, चार.
आई म्हणाली, साहेब, आत येऊन बघा,
तीनच वाजलेत अजून,
माझ्या पोरीचा एक तास शिल्लक आहे.

ती भांडत नव्हती. वाण्याकडे
उरलेले सुटे पैसे मागावेत, तशी मागत होती.

श्टेल्झर कंदील घेऊन बोळात आला,
रात्रीच्या लांब सदऱ्यात, अनवाणी.
अधिकाऱ्याकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही.
खाली बसला आणि झेलीच्या लाकडी जोड्यांचा
सुटलेला पट्टा ठोकून बसवू लागला.
एक खिळा. दुसरा. तिसरा गरज नसताना.
जेवढा वेळ त्याला देता आला
तेवढा त्याने हातोडीने दिला असेल,
किंवा त्याला फक्त जोडेच ठाऊक होते.
मी आज एवढी म्हातारी झाले,
मला ठरवता आलेलं नाही.

उशीच्या अभ्र्यात वाडगा, चमचा, दोन झगे.
आई एखादं अंडं शोधत फिरत होती.
अंडं कुठून असणार?
कोंबड्यांचीही यादी होती.

रस्त्यावर कुणी रडलं नाही. मुली ओळीने उभ्या होत्या,
आणि प्रत्येक दाराच्या फटीत
एकेक बाई सुतळी धरून.

नोव्हेंबरात झेली परतली.
नखांत बीटाची माती, केस कानांपर्यंत कापलेले.
कुणी मागून गेलं की
दोन्ही हातांनी झगा घट्ट धरायची.
कुठे ठेवलं होतं, कोण होतं,
आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आईने सूप वाढलं. टेबलावर बाबांची जागा,
माझी जागा, तिची जागा, सगळं जिथल्या तिथे.
झेलीचा चमचा अर्ध्यावर थांबला.
भिंतीकडे बघत ती म्हणाली,
आई, घड्याळ एक तास मागे पडलंय गं.

आईने मिठाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.
ते केव्हाचंच रिकामं होतं.